खानदेशातील कंदवर्गीय फुलझाडांचे वन्यप्राण्यांपासून संरक्षण

खानदेशातील कंदवर्गीय फुलझाडांचे वन्यप्राण्यांपासून संरक्षण म्हणजे महाराष्ट्राच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांत शेतात, परसबागेत आणि उद्यानांत लावलेल्या निशिगंध, ग्लॅडिओलस, कर्दळ, लिली यांसारख्या फुलझाडांचे जमिनीखालील कंद साळिंदर, रानडुक्कर, घूस, उंदीर इत्यादी प्राण्यांपासून वाचविण्यासाठी योजले जाणारे उपाय. या भागातील प्रमुख नगदी पीक असलेल्या केळीची लागवडही कंदापासून होत असल्याने फुलझाडांचे व केळीचे संरक्षण हे विषय येथे परस्परांशी निगडित आहेत. कंद हा रोपाचा अन्नसाठा आणि पुढील हंगामाचे बियाणे असा दोन्ही असतो. त्यामुळे प्राण्याने पान किंवा फूल खाल्ले तर एका बहराचे नुकसान होते. कंद खाल्ला तर रोप व बियाणे दोन्ही नष्ट होतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

खानदेश हा तापी नदीच्या खोऱ्यातील प्रदेश आहे. १९०६ मध्ये ब्रिटिश प्रशासनाने खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे विभाजन केले. त्यांचेच पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे हे जिल्हे झाले. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा निर्माण झाला. प्रदेशाच्या उत्तरेस सातपुडा पर्वत, दक्षिणेस अजिंठा व सातमाळा डोंगररांगा आणि मध्ये तापी, गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, अनेर या नद्यांच्या काठची काळी व गाळाची जमीन आहे.

जंगल आणि बागायत यांतील अंतर येथे अनेक ठिकाणी थोडे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत केळीच्या बागा वनहद्दीच्या जवळपर्यंत पोहोचतात. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य (स्थापना १९६९), धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य (१९८६) आणि चाळीसगाव तालुक्याला लागून असलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य (१९८६) ही या परिसरातील संरक्षित क्षेत्रे होत. याखेरीज नदीनाल्यांच्या काठची काटेरी झुडपे, गायराने, पडीक टेकड्या आणि उंच वाढलेली उसाची व केळीची शेते यांतही साळिंदर व रानडुक्कर यांना दिवसा आसरा मिळतो. त्यामुळे अभयारण्यापासून दूर असलेल्या गावांतही त्यांचा उपद्रव जाणवतो.

हवामानाचाही या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर खानदेश कोरडा असतो आणि उन्हाळ्यात जळगाव, भुसावळ या परिसरातील तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. काळी जमीन वाळून टणक होते व तिला भेगा पडतात. अशा वेळी ठिबक सिंचनाखालील फुलांचा वाफा किंवा केळीचा आळा हीच काय ती ओली व भुसभुशीत जमीन उरते. खोदण्यास सोपी माती, ओलावा आणि पिष्टमय अन्न या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळत असल्याने प्राणी तेथे आकृष्ट होतात.

कंदांचे प्रकार

व्यवहारात ज्या सर्व अवयवांना ‘कंद’ म्हटले जाते ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने वेगवेगळे आहेत.

कंद: मांसल पानांचे थर एकमेकांवर बसून तयार झालेला अवयव. कांदा, निशिगंध व लिली ही याची उदाहरणे होत. निशिगंधाच्या भूमिगत भागात कंदासोबत जाडसर खोडाचाही अंश असतो.

दृढकंद: खोडाचाच फुगलेला भरीव भाग. उदा. ग्लॅडिओलस, सुरण.

मूलक्षोड: जमिनीत आडवे वाढणारे जाड खोड. उदा. कर्दळ, हळद, आले. केळीचा भूमिगत कंदही खोडाचाच प्रकार आहे.

ग्रंथिक्षोड: खोडाच्या टोकाला अन्न साठून झालेली गाठ. उदा. बटाटा. डेलियात अशाच गाठी मुळांवर तयार होतात.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. कर्दळ किंवा हळदीचे मूलक्षोड अर्धवट खाल्ले गेले तरी डोळा असलेल्या उरलेल्या तुकड्यापासून नवीन रोप येऊ शकते. ग्लॅडिओलसच्या दृढकंदाचा वरचा कोंब कुरतडला गेला तर मात्र त्या हंगामातील फुलाचा दांडा बहुधा हातचा जातो.

सर्वच कंद प्राण्यांना सारखे प्रिय नसतात. नर्गिस, क्रायनम, हिपिॲस्ट्रम या एकाच कुलातील वनस्पतींच्या कंदांत लायकोरीन हे विषारी अल्कलॉइड असते, म्हणून बहुतेक प्राणी ते टाळतात. युरोप व अमेरिकेतील बागांत खारी व उंदीर ट्युलिपचे कंद उकरून खातात, पण शेजारच्या नर्गिसला सहसा हात लावत नाहीत, याचे कारण हेच आहे. सातपुड्यात रानटी उगवणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते. सुरण व अळू यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने तोंडाला खाज सुटते. निशिगंध, ग्लॅडिओलस, कर्दळ व केळी यांना असे प्रभावी रासायनिक संरक्षण नसल्याने त्यांचे नुकसान अधिक होते.

उपद्रव करणारे प्राणी

साळिंदर

साळिंदर (शास्त्रीय नाव: हिस्ट्रिक्स इंडिका) याला साळू किंवा सायाळ असेही म्हणतात. हा निशाचर कृंतक प्राणी असून प्रौढाचे वजन साधारणपणे ११ ते १८ किलोग्रॅम असते. तो दिवसा बिळात किंवा खडकांच्या कपारीत राहतो. कंद व मुळे हा त्याच्या आहाराचा महत्त्वाचा भाग आहे. पुढच्या पायांच्या मजबूत नखांनी तो कंदाच्या नेमक्या जागी खड्डा खणतो आणि वासावरून जमिनीखालील कंद शोधतो. ठरलेल्या वाटेने वारंवार त्याच शेतात येण्याची त्याची सवय असते.

रानडुक्कर

रानडुकरे (सुस स्क्रोफा) कळपाने येतात व नाकाडाने जमीन नांगरल्यासारखी उकरतात. त्यांना कंदांइतकेच मातीतील गांडुळे, हुमणी व इतर अळ्या यांचेही आकर्षण असते. त्यामुळे कच्चे शेणखत घातलेल्या आणि हुमणी झालेल्या वाफ्यांत त्यांचा त्रास अधिक होतो. एका रात्रीत कळपाने केलेले नुकसान साळिंदराच्या कित्येक पट असते. न खाल्लेली रोपेही उपटली व तुडवली जातात.

घुशी व उंदीर

काळी घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) ओलिताच्या शेतात राहते, बांधात लांब बिळे करते आणि त्यांत अन्नाचा साठा करते. ती कंदापर्यंत जमिनीखालूनच पोहोचत असल्याने रोप कोमेजून पडेपर्यंत नुकसान लक्षात येत नाही. थोरली घूस (बँडिकोटा इंडिका) प्रामुख्याने वस्तीलगतच्या परसबागांत व गोदामांत आढळते. साठवणीतील कंदांचे नुकसान बहुतेक घुशी व घरउंदीर यांच्यामुळे होते.

इतर प्राणी

नीलगाय किंवा रोही, काळवीट व ससा हे कंद खात नाहीत, परंतु कोवळी पाने व फुलांचे दांडे खातात. पाने वारंवार खाल्ली गेल्यास कंदात अन्न साठत नाही आणि पुढील वर्षी तो लहान राहतो. मोर व लांडोर नव्याने लावलेले वाफे पायाने उकरतात. वानरे कोंब उपटून टाकतात.

नुकसानीची ओळख

योग्य उपाय निवडण्यापूर्वी प्राणी ओळखणे आवश्यक असते, कारण साळिंदरासाठी पुरेसे असलेले कुंपण घुशीला अडवत नाही आणि घुशीसाठीचा उपाय रानडुकरावर निरुपयोगी ठरतो.

शंकूच्या आकाराचा सुटा खड्डा, कंदावर पटाशीच्या दातांचे रुंद जोडखुणे आणि जवळपास पडलेले काटे असल्यास साळिंदर.

सलग उकरलेले पट्टे, द्विखुरी पावलांचे ठसे, चिखलात लोळल्याच्या खुणा असल्यास रानडुक्कर.

वरून माती न हलता रोप सुकणे, ओढल्यास ते सहज हातात येणे, जवळ ताज्या मातीचा ढिगारा असल्यास घूस किंवा उंदीर.

पान तिरप्या रेषेत स्वच्छ कापलेले असल्यास ससा. ओढून फाडल्यासारखे असल्यास व एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग असल्यास नीलगाय.

लागवड व नुकसानीचा काळ

निशिगंध हे मूळ मेक्सिकोतील फुलझाड असून महाराष्ट्रात ते गुलछडी या नावानेही ओळखले जाते. त्याचे पॉलिएंथस ट्युबरोसा हे जुने शास्त्रीय नाव बदलून आता अगेव्ह अमिका असे मानले जाते. लागवड मुख्यतः एप्रिल–मेमध्ये होते व एकदा लावलेले पीक दोन ते तीन वर्षे ठेवले जाते. लागवडीनंतर कोंब बाहेर येईपर्यंतचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि खानदेशात नेमका तोच कडक उन्हाळ्याचा, रानात अन्नपाण्याची टंचाई असण्याचा काळ असतो.

ग्लॅडिओलसची लागवड सर्वसाधारणपणे सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये होते. फुले संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पाने पिवळी पडली की दृढकंद काढून सावलीत सुकवतात. पुढील हंगामापर्यंत ते शीतगृहात किंवा थंड, हवेशीर जागी ठेवावे लागतात. त्यामुळे या पिकात शेतातील धोक्याइतकाच साठवणीतील धोका महत्त्वाचा असतो.

केळीच्या बागांशी संबंध

जळगाव जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध असून ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेस मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेल्या बागेस कांदेबाग म्हणतात. पूर्वी लागवड केवळ मातृबागेतून काढलेल्या मुनव्यांच्या कंदांपासून होत असे. ग्रँड नैन या वाणाच्या ऊतिसंवर्धित रोपांचा प्रसार झाल्यावर रोपवाटिकेतील कोवळी रोपे थेट शेतात लावली जाऊ लागली. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत रानडुक्कर अशी रोपे सहज उपटते. ऊतिसंवर्धित रोप विकत घ्यावे लागत असल्याने एका रात्रीच्या नुकसानीचा आर्थिक फटका मोठा असतो.

फुलझाडांचा लहानसा तुकडा केळीच्या बागेला लागून असल्यास बागेतील दाट सावली प्राण्यांना दिवसा लपायला उपयोगी पडते. म्हणून फुलांचे वाफे बागेच्या कडेला न ठेवता घराजवळ व मोकळ्या जागेत ठेवणे हितावह मानले जाते.

संरक्षणाच्या पद्धती

पारंपरिक पद्धती

रात्रीची राखण ही सर्वांत जुनी पद्धत होय. शेतात माळा उभारून त्यावर जागणे, डबे वाजवणे, गोफण फिरवणे, शेकोटी किंवा टेंभे पेटवणे हे प्रकार खानदेशात सर्वत्र परिचित आहेत. बांधावर बाभूळ व बोरीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण करतात. घायपात, निवडुंग किंवा शेर यांचे जिवंत कुंपणही लावले जाते. राखण परिणामकारक असली तरी तीत शेतकऱ्याची झोप जाते, शिवाय अंधारात साप, रानडुक्कर किंवा बिबट्या यांच्याशी गाठ पडण्याचा धोका असतो. काटेरी कुंपण गुरांना व नीलगाईला काही प्रमाणात अडवते, परंतु साळिंदर त्याखालून वाट काढते.

जाळीची टोपली व जाळीचे अस्तर

लहान बागेसाठी हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. सुमारे १२ मिलिमीटर छिद्राच्या, जस्तलेपित, वेल्डिंग केलेल्या तारेच्या जाळीची टोपली करून ती वाफ्यात पुरतात. तीत माती भरून कंद लावतात. बाजूंची जाळी जमिनीच्या काही सेंटिमीटर वर ठेवल्यास घूस वरूनही शिरत नाही. मुळे छिद्रांतून बाहेर जातात, पण उंदीर आत येत नाही. मोठ्या वाफ्यासाठी तळाला व चारही बाजूंना जाळीचे अस्तर देतात. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरली जाणारी षट्कोनी जाळी स्वस्त असली तरी तिच्या मोठ्या छिद्रांतून उंदीर शिरतो आणि ओल्या मातीत ती लवकर गंजते.

लागवडीनंतर कोंब येईपर्यंत वाफ्यावर आडवी जाळी अंथरून तिच्या कडा दगडांनी दाबल्यास साळिंदर व मोर यांचा उपद्रव टळतो. कोंब दिसताच ही जाळी काढावी लागते, अन्यथा पाने तीत अडकून वाकतात.

कुंपण

साळिंदराला उंच उडी मारता येत नाही, परंतु तो उत्तम खणतो व लाकूड कुरतडतो. म्हणून त्याच्यासाठी कुंपणाच्या उंचीपेक्षा खोली महत्त्वाची असते. जाळी ३० ते ४५ सेंटिमीटर जमिनीत पुरून तिचा खालचा भाग बाहेरच्या दिशेने वळवतात. रानडुकरासाठी जाळी जाड व खांब घट्ट असावे लागतात, कारण तो धडक देऊन खालची कड उचलतो.

सौर कुंपणात बॅटरीवर चालणारे यंत्र तारांमध्ये साधारणपणे दर सेकंदाला एक, अत्यल्प काळ टिकणारा उच्च दाबाचा झटका सोडते. झटका वेदनादायक असतो, मात्र प्रमाणित यंत्र योग्य रीतीने बसवल्यास तो प्राणघातक नसतो. रानडुकरासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून २० ते ३० सेंटिमीटरवर असावी लागते. साळिंदराचे काटे विजेचे दुर्वाहक असल्याने तारेचा स्पर्श त्याच्या नाकाला होणे आवश्यक असते. त्यासाठी सुमारे १५ सेंटिमीटरवर आणखी एक तार लावतात. तारांखालचे गवत वेळोवेळी काढले नाही तर वीज जमिनीत उतरते व कुंपण निष्प्रभ होते. पावसाळ्यात कुंपण ‘चालत नाही’ अशी जी तक्रार होते तिचे नेहमीचे कारण हेच असते.

घुशी व उंदरांचे नियंत्रण

प्रथम शेतातील सर्व बिळे मातीने बुजवतात आणि दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील ती वापरातील बिळे समजतात. झिंक फॉस्फाइडचे विषारी आमिष ९६ भाग धान्याचा भरडा, २ भाग खाद्यतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड या प्रमाणात तयार करतात. उंदीर नवीन अन्नाबाबत संशयी असल्याने आधी एक-दोन दिवस बिनविषारी आमिष ठेवतात. विषारी आमिष कागदाच्या पुडीत बांधून बिळात आत सारतात व बीळ बंद करतात. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचा परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे उंदीर त्यांना टाळायला शिकत नाहीत. दोन्ही प्रकारांत हातमोजे वापरणे, मेलेले उंदीर खोल पुरणे आणि मुले, गुरे व पाळीव प्राणी यांना दूर ठेवणे अत्यावश्यक आहे.

विषबाधित उंदीर खाल्ल्याने गव्हाणी घुबड, मुंगूस, रानमांजर हे उंदरांचे नैसर्गिक शत्रूही मरू शकतात. एका शेतातील उंदीर मारल्यास शेजारच्या शेतातून नवे येतात. म्हणून मे–जूनमध्ये, पाऊस सुरू होण्यापूर्वी, संपूर्ण शिवारात एकाच वेळी मोहीम राबवणे अधिक परिणामकारक ठरते. पक्ष्यांना बसण्यासाठी शेतात उभे केलेले मचाण आणि धामणीसारख्या बिनविषारी सापांना न मारणे हे बिनखर्चाचे पूरक उपाय आहेत.

लागवडीतील बदल

पिकाभोवती करडईसारख्या काटेरी किंवा एरंडासारख्या प्राण्यांना न आवडणाऱ्या पिकाच्या काही ओळी लावण्याची शिफारस रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी केली जाते. ही दोन्ही पिके खानदेशाच्या हवामानात येतात. परसबागेत विषारी कंदांच्या लिली बाहेरच्या ओळीत आणि निशिगंध आतल्या ओळीत लावता येतो. मात्र अशा कंदांना मुले व गुरे यांच्यापासून जपावे लागते. कंद योग्य खोलीवर लावणे, वरची माती दाबून बसवणे, गळून पडलेल्या साली व खराब कंद वाफ्याजवळ न टाकणे आणि पूर्ण कुजलेलेच शेणखत वापरणे यांमुळे प्राण्यांना मिळणारा वासाचा माग कमी होतो.

वास व आवाजाचे उपाय

मिरचीचा धूर, केसांचे पुंजके, चकाकणाऱ्या फिती, फटाके, ध्वनिमुद्रित आवाज यांचा परिणाम सुरुवातीला दिसतो, परंतु प्राणी लवकरच त्यांना सरावतात. उपाय आलटून पालटून व केवळ जोखमीच्या आठवड्यांत वापरल्यास ते अधिक काळ उपयोगी पडतात. वासाचे पदार्थ पावसानंतर पुन्हा लावावे लागतात.

साठवण

काढलेले कंद तारेच्या जाळीच्या कपाटात, छताला टांगलेल्या जाळीदार पिशव्यांत किंवा जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवतात. मांडणी भिंतीला टेकलेली नसावी. हवाबंद डब्यात कंद कुजतात, म्हणून उंदरांपासून संरक्षण आणि हवा खेळती राहणे या दोन्ही गोष्टी साधाव्या लागतात.

कायदेशीर बाबी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांची शिकार प्रतिबंधित आहे. शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच सापळा किंवा फास लावणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. या अधिनियमातील २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली; तिच्यानुसार रानडुक्कर व नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकांसह मालमत्तेस धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ अन्वये सक्षम अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. अशा परवानगीशिवाय शेतकऱ्याने स्वतः प्राणी मारणे हा गुन्हा ठरतो.

कुंपणात थेट वीजवाहिनीतून प्रवाह सोडणे बेकायदेशीर व जीवघेणे आहे. अशा तारांना चिकटून वन्यप्राण्यांबरोबरच शेतकरी, मजूर व गुरेही मृत्युमुखी पडतात. स्फोटक आमिषांच्या बाबतीतही हेच लागू होते.

ठरावीक वन्यप्राण्यांनी केलेल्या पीक नुकसानीबद्दल महाराष्ट्र शासनाकडून अर्थसाहाय्य दिले जाते. त्यासाठी घटनेपासून तीन दिवसांच्या आत नजीकच्या वन कार्यालयात अर्ज करावा लागतो व त्यानंतर पंचनामा होतो. खड्डे, ठसे व उपटलेली रोपे यांची छायाचित्रे काढून जागा तशीच ठेवल्यास पंचनामा सुकर होतो. उंदीर व घुशी यांनी केलेले नुकसान या योजनेत येत नाही.

पर्यावरणीय महत्त्व

साळिंदराचे खोदकाम शेतात हानिकारक असले तरी रानात उपयुक्त असते. इस्राएलमधील नेगेव वाळवंटात याच जातीवर झालेल्या संशोधनात असे आढळले की, त्याने खणलेल्या खड्ड्यांत वाहते पाणी, सेंद्रिय पदार्थ व बिया साठतात आणि तेथे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अधिक रोपे उगवतात. अर्धवट खाल्लेल्या कंदांपासून त्या वनस्पती पुन्हा वाढतात. सातपुड्यात सफेद मुसळी, कळलावी, रानकांदा, कडू करांदा अशा अनेक कंदवनस्पती आहेत. कडू करांद्याचे ‘वाराही’ हे संस्कृत नाव वराहाशी, म्हणजे डुकराशी, नाते सांगणारे आहे.

रानातील कंद, झुडपे व पाणवठे कमी झाले की हे प्राणी ओलिताच्या शेतांकडे वळतात. त्यामुळे जाळी व कुंपण यांबरोबरच वनहद्दीतील खाद्यवनस्पतींचे व पाणवठ्यांचे जतन हाही बागायतीच्या संरक्षणाचाच भाग ठरतो.

हे सुद्धा पहा

खानदेश
निशिगंध
साळिंदर
रानडुक्कर
केळी
यावल अभयारण्य
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२